पारव्याचं दावं

लग्नाचा मोसम सुरू झाला की तेजल भोईरच्या बग्गीला उसंत नसे. उल्हासनगरच्या लग्नांत नवरदेव बग्गीतून यायचा, आणि स्वतः लगाम धरून पुढच्या गादीवर बसणाऱ्या या बदलापूरच्या बाईला कॅम्पातले सगळे हॉलवाले ओळखत. त्या दुपारी ती तिथल्याच एका चामड्याच्या कारागिराकडे घोडीच्या छातीचा पट्टा शिवून घ्यायला गेली होती. काम मनासारखं झालं. पट्टा स्कूटरच्या डिकीत टाकून ती घरी निघाली, आणि चिखलोलीच्या वळणावर तिला ते पोस्टर दिसलं.

अर्धवट बांधलेल्या इमारतीचं अख्खं अंग झाकेल एवढा फ्लेक्स होता. वर ठसठशीत अक्षरांत 'अश्ववारसा महोत्सव आणि भव्य टांगा शर्यत'. कोपऱ्यात हात जोडून उभा कल्पेशशेठ. आणि मधोमध पारवा... राखाडी अंग, कपाळावर पांढरा टिळा, मान ताठ. खाली लिहिलं होतं, 'आपल्या मातीचा अभिमान'.

तेजलने स्कूटर कडेला घेतली.

तिचे वडील महिपती एके काळी बदलापूर स्टेशनबाहेर टांगा हाकायचे. रिक्षा आल्या, टांगे गेले, पण घरातून घोडं काही गेलं नाही. पारव्याला त्यांनी जत्रेतून आणलं तेव्हा तो आईवेगळं शिंगरू होता. तेजलने त्याला बाटलीने दूध पाजलं, तोंडाला म्होरकी बांधून घ्यायला शिकवलं, टांग्याच्या दांड्यांमध्ये उभं राहायला शिकवलं. पुढे महिपती आजारी पडले, घर उलटंपालटं झालं आणि पारवा कल्पेशशेठकडे गेला. शेठ इमारती बांधायचा, महोत्सव समितीचा अध्यक्ष होता. घोडा माझ्याकडे राजासारखा राहील, असं तो तेव्हा म्हणाला होता.

मागच्या वर्षीच्या शर्यतीला तेजल कुंपणाशी उभी होती. पाहुणे यायला उशीर झाला, म्हणून घोडे टांग्याला जुंपलेले तसेच भर उन्हात ठेवले होते. मांडवात पाहुण्यांसाठी थंड पाण्याच्या बाटल्यांचे खोके रचलेले, आणि घोड्यांसाठी एक बादली नाही. पारवा मागच्या उजव्या पायाने लंगडत होता. तिने ते ओरडून सांगितलं, तर समितीच्या पोरांनी तिला मागे ढकललं. कुणीतरी त्याला सुई टोचली, लंगडणं थोडं झाकलं गेलं, आणि शेठचा धाकटा भाऊ विनीत चाबूक घेऊन गादीवर चढला. शर्यत दुडक्या चालीची. घोडा चौखूर उधळला की बाद. त्यामुळे विनीत एका हाताने लगाम मागे खेचत होता आणि दुसऱ्या हाताने मारत होता. वळणावर पारवा पडला तो उठलाच नाही. लाउडस्पीकरवर सांगितलं गेलं की घोड्याला किरकोळ लागलंय. ज्या फ्लेक्सवर त्याचा फोटो होता तोच फ्लेक्स त्याच्या अंगावर टाकला गेला, आणि पुढची शर्यत सुरू झाली.

नंतर तिने कुणाला विचारायचं बाकी ठेवलं नाही. तक्रार कुणी लिहून घेतली नाही. घोडा बरा झाला, साताऱ्याकडे विकला, एवढंच उत्तर तिला दर वेळी मिळालं. आणि आता तोच घोडा यांच्या मातीचा अभिमान झाला होता.

ती पोस्टरकडे बघत असतानाच फोन वाजला. कल्पेशशेठ होता. आवाज नेहमीसारखा भरदार नव्हता. बारवी धरणाच्या रस्त्यावरच्या फार्महाउसवर लगेच ये, म्हणाला. उद्याच्या शर्यतीसाठी आणलेले नवे घोडे तबेल्यात पाऊल टाकायला तयार नाहीत, खाणं सोडलंय. तेजलला त्याच्या तोंडावर फोन आपटावासा वाटला. पण घोडे उपाशी आहेत हे ऐकून तिला घरी जाववेना. तिने स्कूटर वळवली.

फार्महाउसवर पोचली तेव्हा उन्हं कलायला लागली होती. सागाची पानं रस्त्यावर वाळून पडली होती, आणि त्या सगळ्या आवारात एका पाखराचाही आवाज नव्हता. नवे घोडे लांब आंब्याखाली बांधलेले, एकमेकांना चिकटून, सगळ्यांचे कान तबेल्याकडे. राखणदार मोतीबाई नळाखाली हंडा भरत होती. तिच्या खांद्यावरचं लुगडं भिजून काळं पडलं होतं.

तेजलने विचारलं, एवढं पाणी कुणाला?

मोतीबाईने तबेल्याकडे पाहिलं नाही. "कोपऱ्यातल्या ठाणाला," ती हळू म्हणाली. "सकालपासून भरतंय. भरत नाय ते..."

तिच्याकडून कळलं ते असं. होळी झाली आणि तबेल्यातल्या रिकाम्या कोपऱ्यात खुरांचा आवाज सुरू झाला. मग हौदातलं पाणी कमी व्हायला लागलं. पाणी ठेवलं नाही तर भिंतीवर लाथा बसत, भांडी पडत, घरात कुणाला डोळा लागत नसे. पाणी ठेवलं की तेवढ्यापुरतं शांत. शेठने भगत आणला, पूजा घातली. काही झालं नाही.

तेवढ्यात शेठ बाहेर आला. उद्या पाहुणे इथंच जेवायला येणार आहेत, हे त्याने आधी सांगितलं. मग इकडेतिकडे बघत म्हणाला, "तेजल, तू त्याला लहानाचा मोठा केलास. तुझं ऐकेल तो. घेऊन जा त्याला इथून."

"कुणाला शेठ?"

त्याने नुसतं तबेल्याकडे बोट केलं.

तेजल तबेल्यात एकटी गेली. दाराशीच वास आला. घोड्याच्या घामाचा उबट, खारट वास, त्यात कसल्यातरी औषधाचा उग्र दर्प. कौलांच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या खाली उतरल्या होत्या आणि त्यांत धूळ तरंगत होती. कोपऱ्यातल्या ठाणापाशी, घोडा बांधायच्या त्या जागी, मात्र धूळ स्थिर नव्हती. ती आत ओढली जायची, थांबायची, बाहेर फेकली जायची. कुणीतरी मोठं, दमलेलं, तिथं श्वास घेत होतं.

हौद काठोकाठ भरलेला होता. तिच्या डोळ्यांदेखत पाण्याला खळगा पडला. गटक... गटक... गटक... असा आवाज येत राहिला आणि पाणी खाली खाली गेलं. तळ दिसला, ओला दगड दिसला, तरी तो आवाज काही वेळ चालूच राहिला. कोरड्या दगडावर ओठ घासल्याचा आवाज.

मग पावलं वाजली. टप्, टप्, टप्, आणि चौथं फरफटत. तिच्याकडे येत होती.

तेजलला दाराकडे पळावंसं वाटलं. तिच्या तळहातावर काहीतरी ऊन, मऊ, ओलसर टेकलं आणि नाकपुडीतला वारा बोटांमधून गेला. लहानपणी तो असाच हात हुंगायचा. तिने श्वास रोखून दुसरा हात पुढे केला. हवेत, जिथं काहीच दिसत नव्हतं, तिथं मान लागली, मग खांदा, मग पाठ. पाठीवर हात फिरवताना बोटं अडखळायला लागली. वळ होते. एकावर एक, बोटाएवढे जाड, काही अजून ओले.

भीती तिथंच सरली. तिच्या जागी असा संताप आला की तिला क्षणभर काही दिसेना.

ती बाहेर आली आणि सरळ घरात घुसली. विनीत आतल्या खोलीत खिडक्या लावून बसला होता. तिला बघून त्याने तोंडावरचा रुमाल काढला. त्याच्या तोंडाचे दोन्ही कोपरे फाटले होते. जखम भरायची, आणि झोपून उठला की पुन्हा फाटलेली असायची. डॉक्टरांना काही कळत नव्हतं. तेजलला मात्र एका नजरेत कळलं. लगाम निर्दयपणे खेचला की घोड्याच्या तोंडातली लोखंडी कडी नेमकी तिथं कापते.

"कुठे पुरलंत त्याला?" तिने विचारलं.

शेठ मागून म्हणाला की हा विषय आत्ता नको. विनीतने मान खाली घातली. शब्द उच्चारतानाही त्याला दुखत होतं.

"मैदानातच... वळणावर. जेसीबी तिथंच उभा होता. त्याच्यावर माती टाकली, रोलर फिरवला..."

म्हणजे वर्षभर त्याच्या अंगावरून टांगे धावत होते. सराव, फोटो, शाळेच्या सहली, वारशावरची भाषणं, सगळं त्याच्यावर उभं राहून झालं होतं. तेजलने शेठला दोनच गोष्टी सांगितल्या. पोस्टरवरून त्याचा फोटो उतरवायचा. आणि उद्या लाउडस्पीकरवर, सगळ्यांसमोर, पारवा कसा मेला आणि कुठे पुरला ते बोलायचं. हे कबूल असेल तर ती त्याला घेऊन जाईल.

शेठने लगेच मान डोलावली. देवाची शपथही घेतली. एवढ्या चटकन माणूस कबूल होतो तेव्हा सावध व्हावं, हे तिला कळत होतं. पण त्या तबेल्यात पारव्याला आणखी एक रात्र ठेवायला ती तयार नव्हती.

तिने खुंटीवरची जुनी म्होरकी घेतली, दावं लावलं, आणि कोपऱ्यात जाऊन ती हवेत धरली. "चल रे बाळा," ती म्हणाली. म्होरकी तिच्या हातातून अलगद वर उचलली गेली आणि तिथंच राहिली.

स्कूटर तिथंच सोडून ती चालत निघाली. आंब्याखालचे घोडे तिला वाट देत मागे सरले. तिन्हीसांज होत होती. रस्त्याने दुचाकीवरून जाणारी माणसं वेग कमी करायची, एक बाई घोड्याच्या उंचीवर तरंगणारी म्होरकी घेऊन चाललीय हे बघायची, आणि मग न थांबता जोरात निघून जायची. एकाही कुत्र्याने भुंकायचं धाडस केलं नाही. तेजलने वळून पाहिलं नाही. दावं ताठ होतं, मागे तीन पावलं वाजत होती आणि चौथं फरफटत होतं. ती वाटभर त्याच्याशी बोलत राहिली. काय बोलली ते तिलाही नंतर आठवेना.

घरी महिपती ओसरीवर बसले होते. त्यांना आता कमी दिसायचं, पण आवाज ऐकून ते भिंतीला धरून उभे राहिले. दोघांनी मिळून दावं अंगणातल्या खांबाला बांधलं. बग्गीची राणू घोडी आधी फुरफुरली, मग बाजूला सरून तिने जागा करून दिली. महिपतींनी पाण्याचं घमेलं पुढे ठेवलं आणि ते रिकामं होताना ऐकत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी तेजल मैदानावर गेली तेव्हा ढोल वाजत होते. फेटे बांधलेल्या बाया, सेल्फीसाठी ठेवलेलं सजवलेलं चाक, आणि कमानीवर तोच फोटो, तिथंच. सूत्रसंचालन करणारा सनी माईकवर सांगत होता की जुन्या काळी इथं दौडत आलेले घोडे बदलले जायचे, म्हणून हे बदलापूर, असं जुनी माणसं सांगतात. घोड्याशी आपलं रक्ताचं नातं आहे. "और हमारा स्टार, आपला लाडका पारवा, सध्या शेठच्या फार्मवर मस्त आराम करतोय. टाळ्या झाल्या पाहिजेत!"

टाळ्या झाल्या.

तेजल गर्दीतून वाट काढत मंचाशी गेली. शेठ पांढरा फेटा बांधून उद्घाटनाच्या फेरीसाठी टांग्यात बसत होता. आज त्याचा चेहरा टवटवीत होता. बहुधा खूप दिवसांनी झोप लागली असावी. तिने शब्दाची आठवण करून दिली. तो हसला, आणि शेजारच्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात बोलला.

"तो तुझ्याकडे गेला ना? झालं मग. आता बोलून कुणाचं भलं होणार आहे? मेलेलं जनावर आहे, तेजल."

तिने माईककडे हात नेला, तर सनीने तो मागे घेतला. दोन बाउन्सरनी तिला दंडाला धरून कुंपणाबाहेर आणलं, आणि एवढ्या गर्दीतल्या एकालाही काय झालं हे विचारावंसं वाटलं नाही. मागच्या वर्षी असंच झालं होतं. त्याच जागी, त्याच माणसांसमोर.

तिने फोन काढला आणि घरी लावला.

"बाबा," ती म्हणाली, "दावं सोडा."

"पोरी... नीट विचार केलास?"

"सोडा."

शेठची फेरी सुरू झाली होती. टांग्याला नवा काळा घोडा होता. वळणापर्यंत तो नीट आला आणि तिथं चारही पाय रोवून उभा राहिला. विनीतला पुढे बोलावलं. त्याने रुमालाने तोंड झाकलं होतं. त्याने घोड्याला चुचकारलं, ओढलं, आणि शेवटी टांग्यातून सोडवून बाजूला नेलं. दांड्या जमिनीवर टेकल्या. शेठ सुटलेला लगाम हातात धरून कलत्या गादीवर तसाच बसून राहिला, कारण कॅमेरे समोर होते. दुसरा घोडा आणा, असं त्याने हाताने खुणावलं.

तेव्हा दांड्या उचलल्या गेल्या.

हळूच, दोन्ही एकदम, घोड्याच्या खांद्याच्या उंचीवर येऊन थांबल्या. गादी सपाट झाली. लगाम पुढे ताणला गेला. ढोल वाजवणाऱ्या पोरांचे हात थांबले, आणि त्या शांततेत सगळ्या मैदानाला ऐकू आलं. टप्, टप्, टप्, आणि चौथं फरफटत.

टांगा चालायला लागला. शेठ आधी हसला, मग गादीला धरून बसला, मग उतरायला बघू लागला, पण जणू कुणी छातीशी पट्टा आवळला होता तसा तो जागचा हलेना. लोकांना वाटलं खालून मोटर बसवलीय. शिट्ट्या पडल्या, मोबाइल वर झाले. सनी माईकवर ओरडत होता की असा टांगा तुम्ही कुठे बघितला नसेल. डोक्यावर ऊन आग ओकत होतं. टांगा मैदानाला फेऱ्या घालत राहिला, दुडक्या चालीने, न उधळता, अगदी नियमात. शेठचा फेटा सुटला. ओठ पांढरे पडले. प्रत्येक फेरीला मांडवासमोरून जाताना तो पाणी मागत होता, आणि मांडवातले पाहुणे हसून हात हलवत होते.

तेजल कुंपणाशी उभी होती. तिने ठरवलं असतं तर पुढे जाऊन हाक मारता आली असती. तिने मारली नाही. तिच्या मनात दया शोधूनही सापडेना, आणि हेही तिला भयंकर वाटलं.

शेवटी विनीतने सनीच्या हातातून माईक हिसकावला. त्याने रुमाल टाकून दिला होता आणि बोलताना हनुवटीवरून रक्त वाहत होतं. "पारवा मेलाय," तो म्हणाला. "मी मारला. लंगडत होता, पाणी नव्हतं दिलं, तरी मारून पळवला. या वळणाखाली पुरलाय. दादाने सांगितलं म्हणून गप्प बसलो..."

शिट्ट्या थांबल्या. टांगा वळणावर आला, उभा राहिला, आणि दांड्या हलकेच जमिनीवर टेकल्या. कुणीतरी जपून खाली ठेवाव्यात तशा.

शेठला उचलून नेलं. तो जगला, पण तेव्हापासून बोलेनासा झाला. हातात कायम पाण्याची बाटली, आणि ती संपली की तोंडाला लावून तशीच धरलेली.

पुढच्या आठवड्यात तेजलने लोकांना जमवून ते वळण खणायला लावलं. फ्लेक्समध्ये गुंडाळलेली हाडं निघाली. तिने ती नदीकाठच्या आपल्या तुकड्यात नेऊन पुरली आणि वर बकुळ लावली. विनीत खणायला आला होता. त्याच्या तोंडाची जखम त्यानंतर भरली. गुन्हा मात्र कुणावर दाखल झाला नाही. घोडा आपोआप मेला, असं सगळ्यांचं ठरलं. त्या फेऱ्यांचे व्हिडिओ लाखो लोकांनी बघितले, आणि माघात चिखलोलीच्या वळणावर नवं पोस्टर लागलं. समितीला नवा अध्यक्ष मिळाला होता. पोस्टरवर रिकामा टांगा होता आणि खाली लिहिलं होतं, 'यंदाही पाहा, चमत्कारी टांगा'. तेजल ते वाचून तिथंच रस्त्यात उभी राहिली. मागून येणाऱ्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला तरी तिला भान आलं नाही.

फाल्गुन सरता सरता राणू घोडी व्याली. तेजलकडे नर घोडा नव्हता, आणि राणू वर्षभर अंगण सोडून कुठे गेली होती तर ती फक्त लग्नाच्या वरातीत. पोट दिसायला लागलं तेव्हापासून महिपती त्या विषयावर बोलायचं टाळत होते. शिंगरू काळंभोर निघालं, लहानपणी पारवा होता तसं, धडधाकट. जन्मल्यावर थोड्याच वेळात पायांवर उभं राहिलं.

नेहमीचा नालबंद राणूचे नाल बदलायला आला, तेव्हा शिंगराच्या पायांना अजून जमिनीची सवयही झालेली नव्हती. त्याने कौतुकाने त्याचा एक पाय उचलून हातात घेतला, तळवा बघितला, मग दुसरा उचलला. मग चारही. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"तेजलताई," तो म्हणाला, "एवढ्याशा पोराला नाल कुणी ठोकले होते?"

तिने वाकून पाहिलं. खुरं अजून ओल्या खोबऱ्यासारखी मऊ होती, आणि प्रत्येक खुराच्या कडेने, गोलाकार, खिळे काढल्याची भोकं होती.